डॉ. सलीम अली यांचे जीवन आणि आपल्या मुलांचे उन्हाळी प्राणी-पक्षी शिबिर



परीक्षा संपल्या, निकाल लागला की मे महिन्यात उन्हाळी शिबिरांची चर्चा सुरू होते. चित्रकला, नृत्य, अबॅकस यांच्या जोडीला प्राणी-पक्षी हा विषय घेऊन रोज सकाळी दोन-तीन तासांचं किंवा एखाद्या दिवसाचं शिबिर घ्यावं, असा विचार बरेच शिक्षक करतात. आपल्या पाटोदा तालुक्यात तर हा विषय दारातच आहे. नायगावचं मयूर अभयारण्य आपल्याच तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. ते १९९४ मध्ये जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र जवळपास ३० चौरस किलोमीटर आहे. मांजरा नदीचा उगम आपल्याकडे गवळवाडीजवळ होतो. सौताड्याची दरी आणि धबधबा आपल्याकडेच. मोर बघायला दुसऱ्या गावची माणसं इकडे येतात.

पण मुलांना अशा शिबिराला पाठवायचं ठरलं की आपली तयारी कशी असते बघा. टोपी, पाण्याची बाटली, डबा. मग वीस प्राण्यांची नावं, त्यांच्या पिल्लांची नावं, त्यांचे आवाज, हे सगळं पाठ करून घेणं. आणि यादी करताना वर्गातली दोन-तीन नावं आपण हळूच गाळतो. ज्याच्या खिशात बेचकी असते, जो चिमण्यांच्या घरट्यात हात घालतो, तो पोरगा नको, शिबिरात दंगा करील, असं आपल्याला वाटतं.

आज ज्यांचं चरित्र सांगणार आहे, ते लहानपणी नेमके असेच पोरगे होते. त्यांच्या हातात बेचकीऐवजी छऱ्याची बंदूक होती, एवढाच फरक. त्यांचं नाव सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली. सारा देश त्यांना पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली म्हणून ओळखतो. हे चरित्र वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. या मुलाच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी काय केलं? मुलांच्या तयारीआधी आपली तयारी काय हवी, ते त्यात आहे.

आई-वडिलांविना बालपण

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडं पुष्कळ, हे सर्वांत धाकटे. एक वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी बहिणीच्या या लेकरांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं.

मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळात शिकार हा मोठ्या घरांतला नेहमीचा छंद होता आणि सलीमलाही मोठेपणी नामवंत शिकारी व्हायचं होतं. मामांकडून छऱ्याची बंदूक मिळाली आणि हा पोरगा चिमण्या मारत हिंडू लागला.

आता जरा थांबा. इथे आपण काय केलं असतं? बंदूक हिसकावून घेतली असती, दोन धपाटे दिले असते. पण या मुलाची एक सवय बघा. तो दहाएक वर्षांचा असताना, १९०६-०७ च्या सुमारास, घोडागाडी ठेवायच्या तबेल्यात भिंतीतल्या एका भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देत बसलेला. सलीमने गाडीआड लपून नर मारला. थोड्याच वेळात मादीला दुसरा नर मिळाला आणि तो त्याच खिळ्यावर येऊन बसला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला.

वाचून वाईट वाटतं ना? वाटायलाच हवं. पण त्या मुलाने हे सगळं लिहून ठेवलं. कोणता पक्षी कुठे बसला, मग काय झालं, किती दिवसांत किती वेळा झालं, हे सगळं. कोणी सांगितलं नव्हतं, गृहपाठ नव्हता, गुण मिळणार नव्हते. जोडीदार गेल्यावर चिमणी किती लवकर दुसरा जोडीदार मिळवते, याची ती चांगली शास्त्रीय नोंद ठरली आणि पुढे छापूनही आली. क्रूरपणा आणि कुतूहल एकाच मुलात, एकाच आठवड्यात होतं. पुढे यातलं काय वाढणार, हे ठरवणारी माणसं त्याला भेटली ती साधारण वर्ष-दोन वर्षांनी.

एक चिमणी आणि एक चिठ्ठी

१९०८ ची गोष्ट. सलीमने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. बाकी दिसायला चिमणीसारखीच, पण हे पिवळं काय? हा पक्षी खाण्याजोगा आहे का, असाही प्रश्न त्याला पडला. तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला.

मामांनाही तो पक्षी ओळखता येईना. इथे मामांनी जे केलं ते आपण पालकांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं आहे. त्यांनी काहीतरी ठोकून दिलं नाही आणि हाकलूनही लावलं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली. तिचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने मामांनी एक चिठ्ठी लिहिली आणि पक्षी घेऊन सलीमलाच तिकडे पाठवलं.

अकरा-बारा वर्षांचा मुलगा, गोऱ्या साहेबाचं ऑफिस आणि हातात मेलेली चिमणी. पोटात गोळा आला असणार. पण मिलार्ड साहेबांनी त्याला प्रेमाने आत घेतलं. ही पीतकंठी चिमणी आहे हे सांगितलं. तेवढ्यावर न थांबता संस्थेतले खण उघडून पेंढा भरून ठेवलेले वेगवेगळे पक्षी एकेक करून दाखवले, म्हणजे एक चिमणी दुसरीपासून कशी वेगळी ओळखायची ते मुलाला डोळ्यांनी दिसलं. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्यांचा संग्रह कसा करायचा, कातडी कशी टिकवायची, नोंद कशी ठेवायची, हे शिकायला पुन्हा यायला सांगितलं.

बघा, या भेटीला किती वेळ लागला असेल? फार तर तास-दीड तास. पण सलीम अलींनी पुढे आपल्या आयुष्याची दिशा याच भेटीने ठरली असं मानलं. वयाच्या ८९ व्या वर्षी, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी या चिमणीवरूनच ठेवलं. त्याचा अर्थ चिमणीचं पडणं असा होतो.

हीच पीतकंठी चिमणी आपल्याकडच्या कोरड्या रानातही आढळते. झाडाच्या ढोलीत घरटं करते. आपण रोज पाहतो आणि चिमणी म्हणून सोडून देतो.

शाळेत मागे, रानात पुढे

सलीम शाळेत चमकले असतील असं वाटत असेल, तर तसं नाही. डोकेदुखीच्या त्रासाने शाळा मधेच सुटली. हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं. १९१३ मध्ये मॅट्रिक झाले ते जेमतेम. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि ब्रह्मदेशात तव्हॉय इथे घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात मदतीला गेले. धंद्यात लक्ष कमी आणि आजूबाजूच्या जंगलात जास्त. १९१७ मध्ये परत आले. एकीकडे व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले, दुसरीकडे सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी आग्रह केला म्हणून प्राणिशास्त्र शिकले. इथेही पुन्हा एका शिक्षकाने मुलाचा कल ओळखला, हे विसरू नका.

१९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यातली पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग दालनात गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. आलेल्या लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांत त्यांना जाणवलं की आपलं शिक्षण कमी पडतंय. तिशी उलटलेला, संसारी माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. जर्मनीत बर्लिनला जाऊन प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षीशास्त्र शिकला. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली!

किहीमचे खोपे

नोकरी नाही, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर सलीम अली लपणात बसून तासन्‌तास ती पाहत राहिले.

आपण काय मानतो? सुगरण नावाप्रमाणे बाई, ती विणते तिच्या लेकरांसाठी घर. सलीम अलींनी पाहिलं ते असं. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला की ती ताबा घेते, मग नर तो पूर्ण करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! म्हणजे एक नर, एकामागून एक अनेक संसार. या अभ्यासाने त्यांचं नाव शास्त्रज्ञांमध्ये झालं. हे काम करताना ते बेकार होते, हे मुलांना जरूर सांगा.

असाच दुसरा प्रसंग भृंगराज पक्ष्याचा. या कोतवालाच्या शेपटीला दोन लांब तारा असतात आणि टोकाला पिसाचा झुपका. ह्यू व्हिस्लर या मोठ्या इंग्रज अभ्यासकाने लिहिलं होतं की त्या पिसाला आतल्या बाजूचा पडदाच नसतो. सलीम अलींनी छापून सांगितलं की पिसाच्या काडीला तिथे पीळ पडतो, म्हणून तसं भासतं. जुन्या पुस्तकातली चूक पुढची पुस्तकं उतरवत आली होती. कोण हा अनोळखी हिंदी माणूस, म्हणून व्हिस्लर आधी चिडले. मग त्यांनी स्वतः नमुने पुन्हा तपासले, चूक कबूल केली आणि दोघे कायमचे मित्र झाले. शिक्षक मित्रांनो, वर्गात एखाद्या मुलाने आपली चूक दाखवली तर आपण व्हिस्लर साहेबांचा कोणता अर्धा भाग घेणार, पहिला की दुसरा?

आपल्या भागाशी नातं

१९३० नंतर सलीम अलींनी वेगवेगळ्या संस्थानांत पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मिळावा, एवढीच अपेक्षा. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थानं झाली. यातल्या हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला बीड जिल्हाही होता. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वही, असे ते दिवस. तेहमिना त्यांच्यासोबत या रानावनात राहिल्या. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अली खचले. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आधार दिला आणि ते पुन्हा कामाला लागले.

१९४१ मध्ये त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स हे पुस्तक आलं. चित्रं पाहून सामान्य माणसालाही पक्षी ओळखता यावा, असं हे पुस्तक आजही नव्या आवृत्त्यांतून वाचलं जातं. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी लिहिला. तो १९७४ मध्ये पुरा झाला तेव्हा ते ७७ वर्षांचे होते.

ज्या संस्थेने लहानपणी खण उघडून दाखवले, ती स्वातंत्र्यानंतर पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा तिच्यासाठी धडपडणाऱ्यांत तेच पुढे होते. भरतपूरचं पक्ष्यांचं पाणथळ आणि केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून त्यांनी आपला शब्द खर्च केला. एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट लपवू नये. शास्त्रीय संग्रहासाठी पक्षी मारणं त्यांनी मोठेपणीही चालू ठेवलं होतं, कारण त्या काळात अभ्यासाची तीच पद्धत होती. आज दुर्बीण आहे, कॅमेरा आहे आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. मुलांनी विचारलं तर हे असंच सरळ सांगावं. मुलांना खरं सांगितलेलं पचतं.

मग शिबिराआधी आपण काय करायचं?

१. बेचकीवाल्याला आधी घ्या. कुठल्या झाडावर कोणतं घरटं आहे हे वर्गात त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत असतं. बेचकी आपल्याकडे ठेवून घ्या आणि त्या बदल्यात वही-पेन्सिल द्या. नेमबाजाची नजर नोंदीकडे वळवायची. घरट्यांना हात लावायचा नाही, हे इतरांना सांगायचं कामही त्यालाच द्या.

२. ऊसतोडीहून परतलेली मुलं विसरू नका. आपल्या तालुक्यातली कितीतरी लेकरं पाच-सहा महिने आई-बापांसोबत कोपीवर राहून उन्हाळ्यात गावी येतात. त्यांचे धडे बुडालेले असतात. पण बैल कधी थकतो, कशाला बुजतो, आजारी असला की कसा उभा राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सलीम अलींची शाळाही बुडाली होती. शिबिराचा पहिला तास या मुलांना बोलू द्या. मग बघा बाकीची पोरं कशी ऐकतात ते.

३. आठ दिवस आधी एक वही सुरू करा. पालकहो, हे काम घरचं आहे. एकच प्राणी किंवा पक्षी निवडायचा. दारातली चिमणी, शेळी, सरडा, काहीही चालेल. रोज दहा मिनिटं पाहायचं. तारीख, वेळ, जागा, आणि त्याने काय केलं ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर मुलाने सांगावं, ताईने किंवा आजीने लिहावं. पाहिलेलं एका पानावर आणि मनाला वाटलेलं दुसऱ्या पानावर. चिमणी भांडली हे वाटलेलं झालं. चिमणीने दुसरीच्या अंगावर झेप घेतली हे पाहिलेलं.

४. मुलाला एक प्रश्न घेऊन पाठवा. वीस नावं पाठ नसली तरी चालेल, पण एक खरा प्रश्न त्याच्याजवळ हवा. आपल्याला उत्तर येत नसेल तर अमीरुद्दीन मामांसारखी चिठ्ठी लिहा. वनरक्षक, पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर, मेंढ्या चारणारे काका, कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर, यांपैकी ज्यांना माहीत असेल त्यांच्याकडे मुलालाच पाठवा.

५. भीती आणि ऊन यांची तयारी करा. कुत्रा दिसला की पळायचं नाही. साप दिसला की लांब उभं राहायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. अंडी, पिल्लं उचलायची नाहीत. मोरामागे धावायचं नाही. शिबिर सकाळी सातला सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. घरून निघताना मुलाच्या हातून अंगणात किंवा गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं भरून ठेवून घ्या.

६. परतल्यावर चुकीचा प्रश्न विचारू नका. किती प्राणी बघितले, असं विचारलं की मूल आकडा सांगून मोकळं होतं. त्याने काय केलं, असं विचारा. मग मूल अर्धा तास बोलतं. त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा आणि ऐका.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस. उन्हाळ्यात सुरू केलेली वही तोपर्यंत चालली, तर सुगीनंतरच्या रानात काय बदललं ते मुलालाच त्यातून वाचता येईल. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागले की तेही त्या वहीत येऊ द्या. किती अर्धे आहेत, किती पुरे झाले, मोजू द्या.

सलीम अलींसारखा शास्त्रज्ञ प्रत्येक घरात निपजणार नाही, ती अपेक्षाही नको. पण मेलेली चिमणी हातात घेऊन आलेल्या पोराला हाकलायचं की चिठ्ठी लिहून द्यायची, हे मात्र आपल्या हातात आहे. यंदा शिबिराची यादी करताना गाळलेली नावं एकदा पुन्हा वाचा.